महिन्यात सहा किलो?

लग्नसराई जवळ आली की तुझा फोन ठरलेला. "ताई, महिन्याभरात सहा किलो उतरवायचेत, काहीतरी सांग." दर वेळी मी घाईघाईत दोन गोष्टी सांगते, तू हो म्हणतेस आणि पुढच्या लग्नसराईत परत तोच फोन. म्हणून या वेळी बसून लिहिलंय. शिरवळला जाताना कंपनीच्या बसमध्ये वाच. सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचू नकोस, यातल्या काही गोष्टी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या आहेत.

आधी त्या सहा किलोंचा हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. सहा किलोंच्या झाल्या ४६,२००. तीस दिवसांत वाटल्या तर रोज दीड हजाराच्या वर. तुझ्यासारख्या बाईला दिवसाला लागतातच अठराशे ते दोन हजार. मग जगायचं कशावर, तीनशेवर? उपाशी राहून काटा खाली येतो, नाही असं नाही. पण पहिल्या आठवड्यात जातं ते बरंचसं पाणी, आणि त्यानंतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. लग्न उरकलं, हळद उतरली, तू परत नेहमीसारखी जेवायला लागलीस की वजन परत येतं. येताना मात्र चरबीच आधी येते, झडलेला स्नायू आपोआप भरून येत नाही. दोन-तीन लग्नसराया अशा काढल्यास तर काट्यावर आकडा तोच राहील आणि पाण्याची कळशी उचलताना हात थरथरतील.

तिशीनंतर तसाही स्नायू दर दहा वर्षांना तीन ते आठ टक्क्यांनी कमी होत जातो, आपण काहीच केलं नाही तर. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बारीक व्हायच्या मागे लागू नकोस, ताकद कमवायच्या मागे लाग. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. या लग्नाला नाही, तर पुढच्या वर्षीच्या जत्रेला फरक दिसेल, आणि तो टिकेल.

तू म्हणशील, आपल्या आजीनं कुठला व्यायाम केला होता? खरंय. वेल्ह्याच्या त्या खोऱ्यात विहिरीवरून डोक्यावर हंडा, डोंगरातून मोळी, आषाढात दिवस दिवस वाकून भाताची लावणी, दिवाळीच्या तोंडावर कापणी-झोडणी. आता तुझ्याकडे नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे, दारात स्कूटी आहे, आणि फार चांगलं झालं. कंपनीत आठ तास एका जागी उभं राहून पॅकिंग करतेस, पाय दुखतात, पण उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. कष्ट निम्म्यावर आले. ताटातला भाताचा डोंगर मात्र आजीच्या काळातलाच राहिला.

पण आजीचं उगाच गुणगान करू नकोस. पन्नाशीत तिच्या कमरेचा काटा ढिला झाला होता, गुडघ्यांनी दगा दिला होता आणि अंगात रक्त कधी पुरेसं नव्हतंच. ओझं भरपूर आणि पोटात कसदार काही नाही, अशी ती गत. आपल्याला तिचं ओझं थोडंसं परत आणायचंय, नीट बेतानं, आणि तिला कधी मिळालं नाही ते ताट मिळवायचंय.

आता त्या ताटाचं. हे जरा नाजूक आहे, पण मोठ्या बहिणीनं नाही बोलायचं तर कुणी?

भोरात काय आणि वेल्ह्यात काय, घरोघरी हेच चालतं. दूध डेअरीला जातं. अंडी पोरांना आणि पाहुण्यांना. कोंबडं जत्रेला. रस्सा पातेल्यात उरतो तो बायकांचा. सगळ्यांची पानं उठली की सून शेवटी बसते. तेव्हा भात भरपूर असतो, आमटी पाणी घालून वाढवलेली असते आणि डाळ तळाशी चमचाभर. वर "वाया जाईल" म्हणून पोरांच्या ताटातलं आणि सकाळचा शिळा भात, तोही तूच संपवतेस. म्हणजे पोट गच्च भरतं आणि शरीराला हवं ते मिळत नाही. वजन वाढतंय नि अशक्तपणाही आहे, हे एकाच बाईत कसं, असं तू विचारलं होतंस ना? हे असं.

हिशेब सांगते. तुझं वजन साठ किलो धरू. प्रोटीन रोज किमान पन्नास ग्रॅम तरी हवं, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅम, ही आपल्याकडची सरकारी शिफारस. स्नायू कमवायचे आणि चरबी उतरवायची तर किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत जावं, म्हणजे सत्तरच्या आसपास. आता तुझं रोजचं बघ. दोन भाकरी, दोन वेळचा भात, पातळ आमटी, भाजी, चहातलं दूध, सगळं मिळून तीस ग्रॅमच्या आगेमागे. त्यातलंही बरंचसं भात-भाकरीतलं.

उरलेलं कुठून आणायचं? पुण्याहून डबा मागवायची गरज नाही. दोन अंड्यांत बारा ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत सात. पेलाभर दुधात सहा-सात. चाळीस ग्रॅम मटकी किंवा हुलगे भिजवून, मोड काढून घट्ट उसळ केलीस तर नऊ. झाली की पस्तीस. सोयाबीनच्या वड्या तुझ्या नवऱ्याला आवडत नाहीत, पण तीस ग्रॅम वड्यांत पंधरा ग्रॅम प्रोटीन असतं आणि त्या स्वस्त पडतात. त्याला नको असेल तर तू खा. भाटघरच्या पाण्यातली चिलापी, कटला बाजारात येतात. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे येतात. सुकट तर घरात असतेच. तव्यावर भाजून, कांदा-लिंबू घालून भाकरीबरोबर खा. तेलात बुडवलेली सुकट वेगळी आणि ही वेगळी.

हुलग्यांबद्दल मला विशेष बोलायचंय. आपल्या डोंगरातलं हे कडधान्य, आणि आपणच त्याला बैलाचं खाणं म्हणून खालचं ठरवलं. त्याचं माडगं आजारी माणसाला, शेंगोळी थंडीत कधीतरी. अगं, आठवड्यातून दोनदा माडगं-भाकरी झाली तर रात्रीचं जेवण निम्मं सुधारेल.

हे सगळं जमायला एकच गोष्ट लागते, आणि ती बाजारात मिळत नाही. तुझं ताट सगळ्यांबरोबर वाढलं गेलं पाहिजे. भांडण करू नकोस. "कंपनीची बस सुटते, मी पण बसते तुमच्याबरोबर" म्हण. पहिले चार दिवस सासूबाई बघतील, पाचव्या दिवशी त्याही बसतील. डेअरीला घालायच्या आधी अर्धा लिटर घरात काढून ठेव. दुधाचे पैसे महत्त्वाचे आहेत, कळतं मला. पण घरातल्या बाईची हाडं पण घरचीच आहेत.

भात सोडायचा का, हा तुझा पुढचा प्रश्न. भोरात राहून भात सोड म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. नव्या इंद्रायणीचा वास घरभर सुटलेला असताना काकडी चावत बसायची शिक्षा कुणी कुणाला देऊ नये. क्रम मात्र बदल. आधी उसळ, भाजी, अंडं, कोशिंबीर. मग भाकरी असेल तर एक. भात सगळ्यात शेवटी, वाटीनं मोजून. आधी पोटात काही गेलं की दुसरी वाटी मागताना हात आपोआप थांबतो. भाकरी आणि भात दोन्ही पोटभर, असं एकाच जेवणात नको.

आणि नाचणीचं एक खूळ आलंय ते पण सांगते. आपल्या वेल्ह्याच्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी आता शहरात चकचकीत पाकिटातून येते आणि ती खाल्ली की माणूस बारीक होतो असं ऐकायला मिळतं. नाचणी उत्तमच. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पोटाला जड, भूक लवकर लागू देत नाही. पण पीठ ते पीठच. चार भाकऱ्या नाचणीच्या खाल्ल्या तरी चारच होतात. वजन उतरवायला म्हणून नाचणीचे लाडू करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यातला गूळ-तूप कोण मोजणार?

उपासाचंही असंच. चतुर्थी, सोमवार, एकादशी धरून महिन्यात तुझे बरेच दिवस जातात, आणि त्या दिवशी वजन उतरेल अशी तुझी समजूत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तेलावर दाण्याचा कूट, वर बटाटा. त्यापेक्षा वरईचा भात कर, सोबत दाण्याची आमटी, वाटीभर दही. उपास मोडत नाही आणि दुपारी चक्करही येत नाही.

चहा. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर. चाळीस ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पंचवीसच्या आत राहिलं तर चांगलं. एकदम बिनसाखरेचा पिऊ नकोस, तिसऱ्या दिवशी सोडून देशील. पंधरा दिवस दीड चमचा, मग एक. आणि जेवणाला लागून चहा नकोच, पालेभाजीतलं लोह अंगी लागू देत नाही तो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, टाकळा येतो तेव्हा वर लिंबू पिळून खा. तेलाचं एकच सांगते. मोठ्या चमच्यानं एक चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या जवळ कॅलरी. फोडणीला पळी उपडी करायच्या आधी एवढं लक्षात ठेव. कापूरहोळच्या फाट्यावरचा वडापाव रोजचा झालाय तो शनिवारपुरता ठेव.

आता ताकदीचं. इथं तू नाक मुरडणार. "जिमला कुठं जाऊ मी, ताई? पोरं काय म्हणतील?" जिमला जाऊ नकोस. घरात पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन आहे ना, मुठीचा? धुऊन त्यात पाणी भर. पाच किलोचं वजन झालं तयार. दोन कॅन झाले तर दोन्ही हातांचं भागलं.

सुरुवात बैठकांपासून. तालमीतली पोरं मारतात तशा शंभर नकोत. मागे खुर्ची ठेव. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, टाच जमिनीला चिकटलेली. बसायला जातेस तशी कमर मागे ने, छाती पुढे पडू देऊ नकोस, खुर्चीला नुसतं टेकल्यासारखं कर आणि टाचेवर जोर देऊन उठ. खाली जाताना सावकाश, मनात एक-दोन-तीन म्हणत. गुडघे आत वळत असतील तर थांबून पाय नीट कर. अशा दहा. दम घे. परत दहा. परत दहा. पहिल्या दिवशी सोपं वाटेल, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण काढशील. दोन दिवसांत ते दुखणं जातं. गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखं झालं तर मात्र खुर्चीऐवजी उंच स्टूल घे, तेवढंच खाली जा.

मग ओट्याला हात टेकून जोर. जमिनीवरचे एकदम जमत नाहीत, ओट्यावरचे जमतात. पुढे ओट्यावरून खाटेवर, खाटेवरून जमिनीवर. मग ओढण्याचं काम. एक हात खाटेवर टेकून वाकायचं, पाठ सरळ, दुसऱ्या हातातला कॅन कमरेकडे ओढायचा, विहिरीचा पोहरा ओढतात तसा. हे चुकवू नकोस. पाठ आणि खांद्यामागचे स्नायू ओढण्याशिवाय नीट तयार होत नाहीत. शेवटी पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. चार प्रकार, प्रत्येकी दोन-तीन फेऱ्या, एका फेरीत आठ ते बारा वेळा. पाऊण तासाचं कामच नाही, अर्ध्या तासात उरकतं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा.

मुद्दा पुढचा आहे. शेवटच्या दोन वेळा कठीण गेल्या पाहिजेत. बारा सहज व्हायला लागल्या की ओझं वाढव. दोन्ही हातांत कॅन घेऊन बैठका मार, मग पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ. वर्षभर तेच पाच किलो उचललेस तर शरीराला वाटेल, एवढंच लागतंय, कशाला वाढू? पद्मावती माचीवर ताक-सरबत विकायला येणाऱ्या बाया आठव. पाठीवर-डोक्यावर सामान घेऊन गुंजवण्यातून राजगड चढतात, आणि पुण्याचे ट्रेकर त्यांच्या मागे धापा टाकत असतात. त्या एका दिवसात नाही तशा झाल्या.

सूर्यनमस्कार घातले तर चालतील का, असं तू मागे विचारलंस. घाल की. आपल्या भोरचे पंतसचिव, तसे तिकडे औंधचे पंतप्रतिनिधी. त्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले, मुलींमध्येसुद्धा. अंग मोकळं होतं, दम वाढतो, दंडात बळ येतं. पण त्यात ओढण्याचं काम नाही आणि ओझं वाढवायची सोय नाही. म्हणून मोकळ्या दिवशी नमस्कार, बाकी दिवशी कॅन.

दंड जाड होतील ही भीती काढून टाक. बाईच्या शरीरात पुरुषासारखे स्नायू फुगायला लागणारं हार्मोन फार थोडं असतं. फार तर ब्लाउजचा दंड थोडा घट्ट होईल आणि कंबर सैल होईल. शिंपिणीला तसं सांग. तिच्याकडची टेप घेऊन महिन्यातून एकदा बेंबीच्या रेषेत घेर माप. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं डॉक्टर सांगतात. काट्यापेक्षा या टेपवर विश्वास ठेव. स्नायू वाढत असताना काटा कधीकधी हलतच नाही, आणि मग तू रडत मला फोन करतेस.

चालणं रोज. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली पाहिजेत, म्हणजे रोज वीस-पंचवीस. पहाटे एकटी डांबरी रस्त्यावर जाऊ नकोस. कुत्री आहेत, भरधाव गाड्या आहेत, डोंगराकडेला बिबट्याही दिसतो. शेजारची एखादी जोडीला घे. साडीवर बूट बघून लोक हसतील. आठवडाभर हसतात, मग त्यांच्यातलीच एक विचारते, "बूट कुठनं घेतलेस गं?"

गड महिन्यातून एकदा. बाजारवाडीतून रोहिडा चढ, पोरांना घेऊन जा. तोरणा लगेच नको. १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला तो, त्याला तयारीनं जा. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. म्हणून हातात काठी, पावलं लहान.

लावणीच्या दिवसांत मात्र कॅन बाजूला ठेव. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावल्यावर वर व्यायाम करणं म्हणजे मूर्खपणा. त्या पंधरवड्यात नीट जेव आणि झोप. खरी गोम दिवाळीनंतर असते. कापणी झालेली, नवा तांदूळ आलेला, काम नाही, थंडीत भूक वाढलेली. तुझं वजन दरवर्षी तेव्हाच चढतं. व्यायामाचा नेम त्या दिवसांत मोडू देऊ नकोस.

रात्रपाळी असेल त्या आठवड्यात काही कमी-जास्त झालं तर स्वतःला बोल लावू नकोस. सात तास झोप होईल एवढं बघ. झोप मोडली की भूक खवळते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो, यात तुझ्या निश्चयाचा काही दोष नाही.

बायका-बायकांमधून फिरणाऱ्या त्या डब्यातल्या पावडरींना हात लावू नकोस. सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी पेलाभर शेक घेतला की वजन उतरणारच. जेवण बंद केलं की कुणाचंही उतरतं, त्याला हजारो रुपये कशाला? तेवढ्या पैशांत वर्षाची अंडी येतात.

आणि कॅन उचलायच्या आधी एक काम कर. गावच्या उपकेंद्रात तिशीवरच्या सगळ्यांचा बीपी आणि साखर फुकट तपासतात, तिथं जा. हिमोग्लोबिन बघ. पाळी अनियमित असेल, वजन कारण नसताना वाढत असेल तर थायरॉईडची तपासणी डॉक्टरांना विचार. तू बाळंत होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा पोटावर पट्टा बांधून उड्या मारत होतीस, तसलं काही परत नको. कंबर, गुडघा, पोटाचं ऑपरेशन, दिवस गेलेले असणं, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओझं नाही.

सहा किलो लग्नापर्यंत उतरणार नाहीत. तू जी पैठणी नेसणार आहेस, ती आहेस तशी छानच दिसते तुला. ब्लाउज उसवून घे. आणि आज रात्री हुलगे भिजत घाल, परवापर्यंत मोड येतील.